चांदीच्या शेवया

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत होते. फोन माझ्या नातीने, ऋचाने घेतला. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं. अशा वेळी माणसं काय करतात ते या वयापर्यंत मी पुष्कळ पाहिलंय. कुणी मटकन खाली बसतं, कुणी भिंत धरतं, कुणी उगाच गॅस बंद करायला धावतं. मी गवारीचं ताट बाजूला सरकवलं, पाठ ताठ केली, छातीवर हात ठेवला आणि एक लांब श्वास घेतला. पार तळापर्यंत जातोय का, मध्ये कुठे अडतोय का, ते पाहायला. मग आणखी एक घेतला. जन्माची मैत्रीण गेली आणि ही बाई स्वतःची फुप्फुसं तपासत बसली होती. रडू आलं ते संध्याकाळी, देवापुढे दिवा लावताना. आधी आली ती भीती.

ती अजून गेलेली नाही. गेलेल्या माणसाविषयी हळुवार लिहावं अशी रीत आहे, आणि मी तसा प्रयत्न करणार आहे. पण मध्येच घाबरले तर सांभाळून घ्या. नलूच्या फुप्फुसांना हळूहळू घट्टे पडत गेले आणि शेवटी त्यात हवा मावेना. तिने आयुष्यभर जे काम केलं त्यामुळेच हे झालं का, हा प्रश्न आहे. आणि तेच काम आज माझी ऋचा करते. तिचे आईवडील नोकरीसाठी लांब आहेत, ती ठाकुर्लीला माझ्याजवळ राहते, सकाळी डबा घेऊन जाते आणि संध्याकाळी येते. ती जिना चढून आली की बोलायच्या आधी मी तिचा श्वास ऐकते. धाप लागलीय की नुसतीच दमलीय, हे ओळखायला मी शिकले आहे.

नलू आणि मी दोघी कोपरीच्या. ठाण्याला स्टेशनच्या पूर्वेला कोपरी तेव्हा गावासारखीच होती, खाडीचा वास वाऱ्यावर यायचा आणि आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक विहीर आणि दोन बोळ एवढंच अंतर होतं. शाळा एक, बाक एक, पुढे कॉलेजही एक. दोघींनी विज्ञान घेतलं. नलूने आवडलं म्हणून घेतलं, मी नलूने घेतलं म्हणून घेतलं. त्या काळची मी म्हणजे काय वर्णावी... कमरेखाली रुळणारी वेणी, ती एकदा उजव्या खांद्यावरून पुढे आणि एकदा डाव्या, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये लपवलेली कादंबरी. स्वतःविषयी माझं मत फार चांगलं होतं. फक्त विजेची भीती वाटायची. दोन सेलवर चालणारं ते बिचारं सर्किट, त्याने मुंगीलाही झटका बसला नसता, पण मी स्विच रुमालाने धरायचे. एकदा गॅल्व्हानोमीटरचा काटा माझ्याकडे बघून थरथरला असं वाटून मी स्टुलासकट मागे पडले. सगळा वर्ग हसला. नलू हसली नाही. तिने मला उठवलं आणि काटा का थरथरला ते समजावून सांगायला लागली. मला समजून घ्यायचं नव्हतं, मला फक्त घरी जायचं होतं. दुसऱ्या वर्षी लग्न ठरलं आणि मी कॉलेज सोडलं. चांगलं स्थळ आलं म्हणून सोडलं, असं मी पन्नास वर्षं सगळ्यांना सांगत आले. खरं कारण तो काटा.

नलू शिकत राहिली. डॉक्टर झाली, म्हणजे आपल्याला औषध देणारी नव्हे, पदार्थविज्ञानातली. कॉलेजात शिकवायची आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायची, विचारायला आलेल्यांपैकी एकालाही माझं काम समजून घ्यायचं नव्हतं. ते काम काय, हे मलाही पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं. एका दिवाळीला ती फराळाला आली होती, तेव्हा मी माझा नवा फोन तिच्यापुढे धरला आणि सरळ विचारलं, की मी काचेवर बोट लावते ते याला कळतं कसं? तिचा चेहरा असा उजळला की मला आधी कधी विचारलं नाही याची लाज वाटली. म्हणाली, काचेवर एक थर असतो. त्यातून वीज जाते, आणि तरी तो दिसत नाही. वीज जाऊ देणारे धातू उजेड अडवतात आणि उजेड जाऊ देणारी काच वीज अडवते; दोन्ही जाऊ देणारी वस्तू करणं हेच तर अवघड. सगळे जण इंडियम नावाच्या महागड्या धातूपासून तो थर करतात. त्याची खोड एकच. समोरच्या ताटातला पोह्याचा पापड उचलून तिने वाकवला, तो कटकन मोडला. वाकणारी वस्तू करायची असेल, हाताला गुंडाळायचा पडदा किंवा छातीवर चिकटवायची पट्टी, तर हा थर पापडासारखा तडकतो.

मग तिने काय करावं? शेवयांचं पुडकं मागितलं. स्टीलच्या ताटात मूठभर शेवया अशा भुरभुरवल्या की त्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडल्या. म्हणाली, आता एक मुंगी समज. तिने ताटाला पाय न लावता, शेवयांवरूनच चालत या कडेपासून त्या कडेपर्यंत जायचं. जाईल का? मी निरखून बघितलं. जाईल, म्हटलं, एकीवरून दुसरीवर. मग ती मुंगी म्हणजे वीज, नलू म्हणाली. आणि शेवयांच्या मधून ताट दिसतंय ना, तिथून उजेड जाईल. ताट वाकवलं तर शेवया सरकतील, पण एकमेकींना सोडणार नाहीत. माझ्या शेवया चांदीच्या आहेत. केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक.

मी म्हटलं, इतक्या बारीक म्हणजे डोळ्यांना दिसायच्याच नाहीत की. ती म्हणाली, तेच तर हवंय. मला तेव्हा ती फार मजेची गोष्ट वाटली. दिसत नाही ते कुठे कुठे जाऊ शकतं, हा विचार त्या दिवाळीला माझ्या डोक्यात आला नाही. उलट मी काजूकतलीवरचा वर्ख दाखवून तिला म्हटलं, तुझी चांदी आम्ही केव्हापासून खातोय.

निवृत्त झाल्यावर तिने डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला आणि जुन्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्या शेवयांचं काम सुरू केलं. मी ठाकुर्लीची, म्हणजे शेजारीच, त्यामुळे माझ्या चकरा सुरू झाल्या. चांदीचं मीठ एका दाट द्रवात विरघळवून तापवत ठेवायचं. आधी ते पिवळं व्हायचं, मग तांबूस, मग एकदम राखाडी, आणि ढवळलं की आत रेशमाची लड हलवल्यासारखी झळाळी. झाल्या शेवया, असं नलू म्हणायची. त्या चांदीच्या मिठाने तिच्या बोटांची टोकं कायम काळी. एका बारशाला माझ्या जावेने तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की ताई, तुम्ही मिश्री लावता का? नलू गंभीर चेहऱ्याने हो म्हणाली, आणि परत जाईपर्यंत जाऊबाई तिच्याकडे नव्या आदराने बघत होत्या.

गाळ्यात माझ्यासाठी खुर्ची ठेवलेली असायची, पण दाराच्या बाहेर, जिन्याजवळ. आत यायला मला बंदी. चहा बाहेर, गप्पा बाहेर. ऋचा एम.एस्सी. होऊन तिथे कामाला लागली तेव्हा तीसुद्धा आत जायची आणि मी आपली लग्नघरातल्या चपला राखणाऱ्या बाईसारखी बाहेर. मला वाटायचं, गॅल्व्हानोमीटरचा राग अजून गेला नाही हिचा. काही पाडेन, फोडेन, म्हणून बाहेर बसवते. मी तोंडाने टोमणे मारायचे आणि ती नुसती हसायची.

पण ऋचा तिथे लागायच्या आधीचा एक उन्हाळा सांगायला हवा, कारण सगळं तिथे येऊन अडतं. टाळेबंदीचा उन्हाळा. गाळा बंद, वसाहत बंद, आणि नलू कोपरीच्या घरी एकटी. तिच्या आईवडिलांच्या वेळचं ते घर, पहिल्या मजल्यावर, पुढे सामाईक लांब गॅलरी. रिकामं बसणं तिला माहीतच नव्हतं. शेवयांच्या दोन बाटल्या आणि केकवर रंग उडवतात तसला छोटा फवारा तिने वेळीच घरी आणून ठेवला होता. आधी ती तो राखाडी द्रव प्लास्टिकच्या पातळ कागदावर सळईने पसरवायची, तो काही तिच्या मनासारखा एकसारखा बसत नव्हता. आता तिने मंद गॅसवर तवा पालथा घातला, त्यावर तो कागद ठेवला आणि फवाऱ्याने शेवया उडवायला लागली. पडतील तशा वाळतील, असा हिशेब. तोंडावर दुहेरी रुमाल. चांगले मास्क होते तिच्याजवळ, ते तिने आधीच एका दवाखान्यात देऊन टाकले होते.

हे सगळं मी ऋचाच्या फोनवर, चित्रात पाहिलंय. एक दिवस तिने आम्हाला फोन लावला आणि बोलता बोलता एक पट्टी दाखवली. एवढी नितळ की तिच्यातून पलीकडचं भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. पट्टीच्या एका टोकाला सेल, दुसऱ्या टोकाला दाण्याएवढा दिवा, आणि तो लागलेला. मग तिने लाटणं घेतलं आणि पट्टी त्याला गुंडाळली. सोडली, परत गुंडाळली. दिवा मिणमिणलासुद्धा नाही. ऋचा खुर्चीवरून उठून उभी राहिली. नलू इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. केस विस्कटलेले, रुमाल गळ्यात लोंबलेला, आणि मागे स्वयंपाकघरात तव्यावरून काहीतरी धुक्यासारखं तरंगत होतं. मला तेव्हाही भीती वाटली होती. पण माझी भीती गॅसची. मी म्हटलं, अगं, तो तवा उतरव आधी, जळेल. एवढंच सुचलं मला.

त्याच फोनमध्ये मागून हौसाबाईचा आवाज आला होता. ही नलूची शेजारीण, तिथल्या जुन्या आगरी घरातली, आवाज खणखणीत. गॅलरीतून नलूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक करत ती ओरडत होती, "खिडकी कनाला लावून बसतंस गो बाय? घरान जीव घुसमटेल तुजा."

नलूने खिडकी उघडली नाही. नुसतं हात हलवून, ठीक आहे, असं खुणेने सांगितलं.

टाळेबंदी उठली, गाळा उघडला, फवाऱ्याची ती रीत गाळ्यात आली. तिथे वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट होतं, तोवर सगळं रीतसर सुरू झालं होतं. ऋचा फवारायला शिकली. आणि वर्षा-दोन वर्षांनी नलूला खोकला सुरू झाला. कोरडा, लहानसा, घसा साफ केल्यासारखा. आधी जिना चढताना, मग बोलताना. डोंबिवलीच्या हवेला नावं ठेवायची सोय सगळ्यांनाच असते, आम्हीही ठेवली. मग ठाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, मोठ्या मशीनमध्ये घालून आणखी फोटो काढले आणि सांगितलं, की फुप्फुसं आतून निबर होत चालली आहेत. कशाने? ते म्हणाले, पुष्कळदा कळत नाही. या वयात असंच, विनाकारणही होतं.

विनाकारण हा शब्द मी घट्ट धरून ठेवला. भित्र्या माणसाला असा एखादा शब्द पुरतो. पण एकदा ऋचा तिच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती ते कानावर पडलं: लांब, बारीक, न विरघळणारी वस्तू श्वासातून खोल गेली तर शरीराला ती सहज बाहेर टाकता येत नाही, म्हणून जपायला हवं, असं काहीतरी. मी तिला विचारलं, हे कशाबद्दल? ती म्हणाली, सगळ्याच बारीक धाग्यांबद्दल, आजी. त्या दिवसापासून माझ्या ताटात शेवयांची खीर आलेली नाही. पोटात जायच्या आधी ती मला छातीत जाताना दिसते.

नलूला शेवटचं भेटले ती दुपार होती. कोपरीचंच घर. पलंगाशेजारी प्राणवायूचं यंत्र एका लयीत फुस्स फुस्स करत होतं आणि नलू त्या लयीच्या मध्ये मध्ये बोलत होती. ऋचा औषधं आणायला खाली गेली होती. मी मुद्दाम तिला पाठवलं होतं. माझे तळवे ओले झाले होते, स्विच धरायच्या वेळी व्हायचे तसे.

मी म्हटलं, "नलू, हे चांदीने झालं का गं?"

यंत्राचे दोन-तीन फुस्कारे झाले.

"माहीत नाही, कुंदे."

"नाही म्हण ना. माझ्यासाठी."

"म्हणेन की... पण मग ऋचा तोंडाला काही न बांधता काम करेल."

मला राग आला. मरायला टेकलेल्या माणसावर रागावू नये हे मला कळतं, तरी आला. मी म्हटलं, तुला एवढं कळत होतं तर त्या उन्हाळ्यात खिडकी का लावून घेत होतीस? हवा बाहेर टाकणारा पंखा होता, खिडकी होती, हौसाबाई बाहेरून घसा फोडून सांगत होती. तेव्हा नलूने सांगितलं. थांबत थांबत, पण हसऱ्या डोळ्यांनी. त्या उन्हाळ्यात सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं होतं, त्यामुळे हौसाबाईने वर्षाचं सगळं वाळवण गॅलरीत घातलं होतं. कुरडया, पापड, सांडगे, नलूच्या खिडकीखाली थेट जिन्यापर्यंत. खिडकी उघडली किंवा पंखा लावला तर आतलं सगळं त्या ओल्या कुरडयांवर जाऊन बसलं असतं. हौसाबाईची नातवंडं ते वर्षभर खाणार.

"आणि तू?" मी विचारलं.

"मी म्हटलं, मी काय, एकटीच आहे."

 मग मी म्हटलं, अगं बये, तिला कुरडया हलवायला सांगायचं होतंस. नलू माझ्याकडे बघत राहिली. एवढी शिकलेली बाई, देशोदेशी जाऊन बोलून आलेली. तिचा चेहरा खरोखर चकित झाला होता. "हे सुचलंच नाही बघ," ती म्हणाली, आणि हसायला लागली, आणि हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत मी तिची पाठ धरून बसले होते. तिच्या पाठीची हाडं माझ्या तळव्याला एकेक लागत होती. मला वाटलं, आता हिचा श्वास माझ्या हातातच थांबणार.

खोकला बसल्यावर तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, मला गाळ्याच्या बाहेर बसवायची ते लहानपणी मला दमा होता म्हणून. मला स्वतःला तो कधी होता हे आठवत नव्हतं, तिच्या लक्षात होतं. "मला रोज भीती वाटायची, कुंदे. तू आपली मजेत चहा पीत बसायचीस." म्हणजे आमच्या दोघींत न घाबरणारी ती, हे मी जन्मभर धरून चालले होते तेही गेलं. दुसरी गोष्ट सांगताना तिने माझं मनगट धरलं. ती गेल्यावर तिच्या फुप्फुसांचे तुकडे काढून मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. डॉक्टरांशी बोलणं झालं होतं, परदेशातल्या भाच्याने फोनवर होकार दिला होता. तिला भीती होती ती माझी. ऐन वेळी मी रडारड करून, आता तिला कापू नका, म्हणून सगळ्यांना अडवेन.

"मला आता कळून काही उपयोग नाही. ऋचाला कळायला हवं."

मी हो म्हटलं. तिने खात्रीसाठी परत विचारलं आणि मी परत हो म्हटलं. आणि त्याप्रमाणे वागले. ती गेल्याच्या दुसऱ्या सकाळी दवाखान्याच्या बाकावर मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते, पण अडवलं नाही.

मग वाट बघणं. तुकडे तपासायला लागणारं यंत्र इथे नव्हतं, ते दुसऱ्या शहरात गेले. त्या दिवसांत मी ऋचाला गाळ्यात जाऊ दिलं नाही. जाऊ दिलं नाही म्हणजे, ती स्वतःच जात नव्हती, गाळा बंदच ठेवला होता; पण मी दाराशी बसायचे, न जाणो. मधल्या काळात कोपरीचं घर आवरायचं होतं. मी उंबऱ्याच्या आत पाय ठेवायला घाबरले. ऋचाने नाकतोंड झाकणारा जाड मास्क लावला, हातमोजे घातले, आणि झाडूला हात न लावता सगळं ओल्या फडक्याने पुसून घेतलं. त्याआधी कपाटाच्या माथ्यावरची, खिडकीच्या खाचेतली, बंद पंख्याच्या पात्यावरची धूळ चिकटपट्टीवर उचलून वेगळी ठेवली. गॅलरीतून हौसाबाई बघत होती. तिने विचारलं, पोरी, हे कसलं गं पुसणं? काय होतं घरात? आमच्या पोरांना काही होणार नाही ना?

मी डोळ्यांनी खुणावलं, नको सांगू. ऋचा बाहेर आली, मास्क खाली केला, हौसाबाईच्या शेजारी बसली आणि तिला सगळं सांगितलं. खिडकी का लावलेली होती तेही. हौसाबाई उठून त्या खिडकीपाशी गेली. मग आत कुणी ऐकत असावं तशी म्हणाली, "सांगलं असतंस त उचलल्या असत्या ना गो मी." आणि पदराने डोळे पुसले. हे पेपरात लिहू का, असं मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाली लिही, पण नाव दुसरं घाल. म्हणून हौसाबाई.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचा फोन आला. जेवढे तुकडे बघितले त्यात चांदी दिसली नाही. मी फोन ठेवायच्या आत कढई चढवली. तूप सुटेपर्यंत रवा भाजला, शिरा केला, नलूच्या फोटोपुढे ठेवला, सोसायटीत वाटला. विनाकारण, विनाकारण, असं मनातल्या मनात म्हणत होते. ऋचाने शिरा खाल्ला, चांगला झालाय म्हणाली, आणि मग माझ्या समोर बसून सांगितलं, की तुकडे थोडे होते, फुप्फुस मोठं असतं. आणि कपाटाच्या माथ्यावरच्या धुळीत शेवया सापडल्या आहेत. पुष्कळ. "म्हणजे त्या हवेत होत्या, आजी. तिच्या नाकात गेल्याच असणार. पुढे त्यांनी काय केलं, ते आपल्याला कळलेलं नाही."

चमचा माझ्या हातातच राहिला. मी तिला सांगितलं की सोड हे काम. शिकव कॉलेजात, बँकेत जा, काहीही कर. मी हट्ट केला, रडले, माझ्या वयाची भीती घातली, तिच्या आईला फोन लावते म्हणाले. एरवी मी खोटं रडू शकते, नातवंडांना ते माहीत आहे. पण या वेळी खरं होतं आणि तिला तेही कळलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, "मी सोडलं तरी हे थांबणार नाही. दुसरी कुणीतरी करेल, कुठल्या तरी स्वयंपाकघरात. आणि तिला कुरडयांची गोष्ट माहीत नसेल."

आता गाळ्यात चारही बाजूंनी बंद अशी काचेची पेटी बसवली आहे. फवारा आत, हात रबरी बाह्यांमधून आत, श्वास बाहेर. पेटी तपासून झाल्याशिवाय ऋचाने फवाऱ्याला हात लावला नाही. सोमवारपासून काम सुरू झालं. पेटी असली तरी मास्क लावायचाच, हे तिने स्वतःच ठरवलंय, आणि तो इतका घट्ट बसतो की संध्याकाळी घरी येते तेव्हा नाकाच्या दांड्यावर आणि दोन्ही गालांवर लाल वळ असतात. ती चपला काढते आणि मी तिला दिव्याखाली उभी करते. हनुवटी धरून चेहरा इकडे फिरवते, तिकडे फिरवते. वळ दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, मध्ये कुठे तुटलेत का, बघते. ती कुरकुरत नाही, उभी राहते. काल डाव्या गालावरचा वळ जरा फिका वाटला म्हणून मी तिथे अंगठा फिरवून पाहिला, आणि फिरवताना नलूचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. फोनमधल्या त्या दिवशीचा, लाटण्यावर पट्टी गुंडाळतानाचा. विस्कटलेले केस आठवले, हसणं आठवलं. गाल अगदी स्वच्छ होते.